एकतीस शाली

गाडी साडेपाच तास उशिरा आली, धुक्यातून,
आणि चिपळूणचं वऱ्हाड उतरलं फलाटावर
रेशमी झब्ब्यांत, उघड्या पाठीच्या ब्लाउजांत.
फोनवर सांगितलं होतं, थंडी असते.
ते म्हणाले होते, हो हो,
आमच्याकडेही पडते पहाटे पहाटे.

ग्वाल्हेरचा जानेवारी सांगून कळत नाही.
तो आधी कानांच्या पाळ्या धरतो,
मग अंगठीखालचं बोट,
मग बोलणाऱ्याचं वाक्य मध्येच मोडतो.

लग्नात प्रत्येकाकडे एक खातं असतं.
माझ्याकडे ऊब.
कंपूच्या पुढचं मॅरेज गार्डन, वर उघडं आभाळ.
बारा सिगड्या ठरल्या होत्या, आल्या नऊ.
त्यांच्यामागे एकटा हरगोविंद,
हातात मिठाईच्या खोक्याचा पुठ्ठा,
या सिगडीवरून त्या सिगडीवर वारा घालत.
"कोयला नम है बाबूजी, पर पकडेगा."

व्याह्यांची खुर्ची धुरात येऊ नये
म्हणून मी ती तीनदा हलवली.
तिन्ही वेळा वारं माझ्या मागोमाग आलं.
पुरी कढईतून ताटापर्यंत जाईतो शिळी होत होती.
नवरदेवाच्या आत्या, कुमुदिनीबाई, म्हणाल्या,
"छान झालंय हो सगळं,"
आणि छानमधला छ चार वेळा वाजला.

शरयूने माझ्याकडे पाहिलं.
"ट्रंक," म्हणाली.

चौतीस वर्षं मुख्याध्यापकीण, शिवाय मंडळाची चिटणीस;
दर निरोपाला, दर उद्घाटनाला
एक शाल, एक श्रीफळ.
नारळ त्या त्या आठवड्यात वड्यांत गेले.
शाली राहिल्या, जांभळ्या, मोरपंखी, खोट्या जरीच्या,
घडी न मोडता, डांबरगोळ्यांत.
सत्काराची शाल कोण पांघरतं?

स्कूटर काढली. दौलतगंजपर्यंत
आंधळी कोशिंबीर खेळत गेलो, आलो.

आणि मग काय सांगू,
सगळं वऱ्हाडच सत्कारमूर्ती!
व्याही, त्यांचे साडू, साडूंचा ड्रायव्हर,
कधी कुणासमोर दोन शब्द न बोललेला एक मामा,
सगळे खांद्यावर जरीकाठ, जरासे ताठ.
मामाने तर शाल घेताना वाकून हात जोडले.
शालींच्या तंबूतून पोरांचे हात बाहेर येत
आइस्क्रीमसाठी. त्याला इलाज नाही.

मृण्मयी म्हणाली, फोटोत शाल नको.
गरम पाण्याची पिशवी मी
स्टेजवरच्या सोफ्यात, तिच्या पाठीशी सरकवली.
अल्बममध्ये आठव्या पानापासून तिचं हसू खरं आहे,
ते त्यामुळे.

रात्री दीड वाजता मोजल्या.
शरयू घड्या घालत होती, मी आकडे.
एकोणतीस. तीस. एकतीस.
बत्तीस.

बत्तिसावी मातकट, जाड, लोकरीची,
ठिणग्यांनी भोकं पडलेली, बिडीच्या वासाची.
कुमुदिनीबाईंची नात
दोन खुर्च्या जोडून झोपली होती ना,
तिच्या अंगावरून आली ही.
कुणी घातली, कुणी पाहिलं नाही.

सिगड्यांच्या जागी गवतावर नऊ काळे गोल.
तंबूवाला म्हणाला, हरगोविंद? तो गेला मुरारला,
तिकडे फेरे पहाटे चारला आहेत.
अंगात काही होतं का त्याच्या?
तंबूवाल्याने दोर गुंडाळता गुंडाळता आठवून पाहिलं.
"कमीज थी."

शरयूने ढिगातली मोरपंखी काढली,
सगळ्यात चांगली, निवृत्तीच्या दिवशीची.
"नारळ नाहीये," म्हणाली. "गजकाचा डबा ने."

मातकट शाल मी पांघरूनच निघालो,
हातात धरली असती तर हँडल कोण धरणार.
पुढे काही दिसत नव्हतं.
मुरारच्या बाजूला कुठेतरी बँड वाजत होता,
त्या अंदाजाने वळत राहिलो.

त्या एकतिसांत एकही
इतकी गरम नाही.
हे शरयूला अजून सांगितलेलं नाही.